शब्दाला वाक्य हवे

मराठी माध्यमाच्या शाळेतून पुढे आलेल्या बहुतेकांनी शब्दार्थांची वही वापरलेली असते. पानाच्या मधोमध उभी रेघ, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. धड्यातले कठीण शब्द बाई फळ्यावर लिहून देतात, मुले ते उतरवून घेतात, पाठ करतात आणि परीक्षेत शब्दार्थांचे गुण मिळवून येतात. या वहीविषयी मला मनापासून आदर आहे. घरात इंग्रजीचा गंधही नसलेल्या कित्येक पिढ्या तिच्याच आधाराने अर्ज, वर्तमानपत्र, पाठ्यपुस्तक इथपर्यंत पोहोचल्या. तरीही या पुस्तकाची सुरुवात त्या वहीच्या मर्यादेपासूनच करायला हवी. इंग्रजी शब्द ओळखता येतो पण वापरता येत नाही, ही आपल्याकडची घरोघरची तक्रार त्या दोन रकान्यांतूनच जन्माला आली आहे. वहीत तिसरा रकाना नव्हता. तो वाक्याचा.

एकच शब्द घेऊन पाहू. 'रिलक्टंट'. वहीत याचा अर्थ सापडतो 'नाखूष'. तो पाठ केलेला मुलगा एके दिवशी निबंधात लिहितो, 'माय फादर इज रिलक्टंट विथ मी.' त्याला म्हणायचे आहे, बाबा माझ्यावर नाखूष आहेत. स्पेलिंग बरोबर, वहीतला अर्थही बरोबर, आणि वाक्य चूक. का चूक, हे त्या वहीत कुठेच लिहिलेले नाही. 'रिलक्टंट' हा शब्द माणसावरच्या नाराजीचा नाही, तो एखादी कृती करण्याविषयीचा आहे. त्याच्यामागे 'टू' आणि क्रियापद येते. 'ही वॉज रिलक्टंट टू साइन द पेपर्स.' या एवढ्याशा वाक्यात सगळे आले: समोर एक काम आहे, माणसाचे मन ते करायला घेत नाही, त्याने ठाम नकारही दिलेला नाही, कदाचित थोड्या वेळाने तो सही करेलही. मराठीत याच्या जवळ जाणारा शब्दप्रयोग 'नाखूष' नसून 'आढेवेढे घेणारा' हा आहे. तो वाक्य पाहिल्यावरच सुचतो, आधी नाही.

हे वाक्य, आणि त्याच्या आधी येणारी नेमकी व्याख्या, या दोन गोष्टींवर हे पुस्तक उभे आहे.

यामागचा विचार नवा नाही, आणि तो लंडनहून आपल्याकडे आलेलाही नाही. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा मुलांना शब्द कसे शिकवावेत, याचा पद्धतशीर विचार विसाव्या शतकात ज्या ठिकाणी झाला त्यांत ढाका हे एक महत्त्वाचे ठिकाण होते. मायकेल वेस्ट हे इंडियन एज्युकेशन सर्व्हिसमधले अधिकारी ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य होते. बंगालमधली मुले वर्षानुवर्षे इंग्रजी शिकतात आणि तरीही त्यांना एखादे साधे इंग्रजी पुस्तक आपले आपण वाचता येत नाही, हे ते रोज पाहत होते. 1926 साली त्यांचे बंगालमधल्या द्वैभाषिकतेवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी विम्याच्या व्यवहारातला एक शब्द शिक्षणाला लावला, 'सरेंडर व्हॅल्यू'. पॉलिसी मुदतीआधी मोडली तर हातात किती रक्कम पडते? तसेच, मुलाने शाळा मधेच सोडली तर तोवर शिकलेल्या इंग्रजीतून त्याच्या हाती काय उरते? पहिली काही वर्षे केवळ पुढच्या वर्षांची तयारी म्हणून खर्ची पडत असतील, तर मधेच गळणाऱ्या मुलाला काहीच मिळत नाही. आणि गळणारी मुलेच जास्त होती.

मला हा प्रश्न आजही तितकाच बोचतो. महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. म्हणजे दहावी झालेल्या मुलाने दहा वर्षे इंग्रजी शिकलेले असते. पुढे आयटीआयला गेलेल्या, शेतीत उतरलेल्या, दुकानात कामाला लागलेल्या अशा मुलाला औषधाच्या पाकिटातली सूचना किंवा कर्जाच्या कागदातली अट वाचून कळते का? कळत नसेल तर त्या दहा वर्षांची सरेंडर व्हॅल्यू फारच थोडी आहे, असे म्हणावे लागते.

वेस्ट यांनी दुखणे नेमके ओळखले. मुलांच्या वाचनपुस्तकांत नवे शब्द एकमेकांना खेटून येत होते, आणि त्यातले बरेचसे ग्रांथिक व दुर्मीळ होते. त्यांनी अशा शब्दांच्या जागी नेहमीचे शब्द घातले, नव्या शब्दांमध्ये अंतर ठेवले आणि एकदा आलेला शब्द पुन्हा पुन्हा येईल अशी वाचनमाला तयार केली. पुढे 1935 मध्ये त्यांनी जेम्स एंडिकॉट यांच्याबरोबर एक शब्दकोश केला. त्यात सुमारे 24,000 शब्द आणि वाक्प्रचार होते, आणि त्या सर्वांच्या व्याख्या फक्त 1,490 शब्दांत लिहिलेल्या होत्या. तेवढे शब्द येणाऱ्या मुलाला तो सगळा कोश वाचता येत होता. माझ्या मते शिकणाऱ्याच्या बाजूने उचललेले इतके मोठे पाऊल कोशांच्या इतिहासात दुसरे नाही.

हे पाऊल किती मोठे होते ते कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते. इंग्रजीतला पहिला एकभाषी कोश म्हणून ज्याचा उल्लेख होतो तो रॉबर्ट कॉड्री यांचा कोश 1604 सालचा. त्यात सुमारे अडीच हजार कठीण शब्द होते आणि प्रत्येकापुढे एकदोन सोपे शब्द. म्हणजे आपली शब्दार्थांची वहीच ती, फरक इतकाच की दोन्ही रकाने इंग्रजीत. सॅम्युअल जॉन्सन यांचा 1755 चा कोश त्याच्या कितीतरी पुढे गेला. त्यात चाळीस हजारांहून अधिक शब्द होते, आणि नामवंत लेखकांची लाखाहून अधिक अवतरणे त्यांनी त्या शब्दांखाली दिली होती. अवतरणांच्या बाबतीत जॉन्सन आपले गुरू आहेत. पण त्यांच्या काही व्याख्या मूळ शब्दाहून अवघड होत्या. 'नेटवर्क' हा साधा शब्द समजावताना त्यांनी 'रेटिक्युलेटेड' आणि 'डेकसेटेड' असे शब्द वापरले. ज्याला 'नेटवर्क' कळत नाही त्याला 'डेकसेटेड' कुठून कळणार? जॉन्सन यांचा वाचक इंग्रज होता, शिकलेला होता, आणि त्याला जाळे म्हणजे काय ते ठाऊकच होते. वेस्ट यांच्यासमोर बंगालमधला शाळकरी मुलगा होता. वाचक बदलला की व्याख्या बदलते.

वेस्ट यांचा धडा नंतरच्या कोशकारांनी उचलला. 1978 मध्ये निघालेल्या लाँगमनच्या कोशात सगळ्या व्याख्या सुमारे 2,000 ठरावीक शब्दांत लिहिलेल्या होत्या. 1987 मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या जॉन सिंक्लेअर यांच्या नेतृत्वाखाली कोबिल्ड हा कोश निघाला, आणि त्याने व्याख्येचा घाटच बदलला. तिथे व्याख्या हेच एक पूर्ण वाक्य असते आणि समजावायचा शब्द त्या वाक्यातच वापरलेला असतो. 'रिलक्टंट म्हणजे अमुक' असे न सांगता 'कुणी एखादी गोष्ट करायला रिलक्टंट असेल तर' अशी सुरुवात होते. शब्द कुणाबद्दल वापरायचा, त्याच्या मागेपुढे काय येते, हे व्याख्येतूनच कळते. या पुस्तकात मी हीच रीत धरली आहे, फक्त व्याख्या मराठीत लिहिल्या आहेत.

मराठीत का, असा प्रश्न काही जण विचारतील. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकावे, मातृभाषा मधे आणू नये, असा आग्रह आपल्याकडे पुष्कळ वर्षे चालत आला आहे. मला तो पटत नाही. 'अन्व्हिल' या शब्दाची इंग्रजी व्याख्या दोन ओळींची होते आणि ती वाचूनही गावाकडच्या मुलाच्या डोळ्यांसमोर काही येत नाही. 'ऐरण' म्हटले की लोहाराचे दुकान उभे राहते. 'थ्रेशोल्ड'ला 'उंबरठा' हा शब्द हाताशी असताना लाकडी किंवा दगडी पट्टीचे वर्णन कशाला करायचे? वस्तूंच्या नावांना मराठी प्रतिशब्द द्यावा आणि पुढे जावे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या पिढ्यांचे इंग्रजी कच्चे होते असे कुणी म्हणणार नाही, आणि ती पाठमाला तर मराठीच्या खांद्यावर हात ठेवूनच चालत होती. अडचण येते ती गुण, भावना, वृत्ती, व्यवहार यांच्या शब्दांपाशी. तिथे एका शब्दापुढे एक शब्द मांडून भागत नाही. तिथे मराठीतच, पण सविस्तर सांगावे लागते.

आता वाक्याकडे वळतो, कारण या प्रस्तावनेचा खरा विषय तो आहे.

ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश कसा झाला ते पाहिले की वाक्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. 1857 मध्ये लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत या कोशाची कल्पना निघाली. पुढे जेम्स मरे संपादक झाले. पुस्तके वाचायची, एखादा शब्द लक्षवेधी रीतीने आला की ते वाक्य, पुस्तकाचे नाव आणि साल एका चिठ्ठीवर उतरवून पाठवायचे, असे आवाहन वाचकांना केले गेले, आणि हजारो माणसांनी काहीही मोबदला न घेता लाखो चिठ्ठ्या पाठवल्या. मरे यांनी ऑक्सफर्डमधल्या घराच्या बागेत पत्र्याची एक खोली उभारली होती. तिच्या भिंतींना लावलेल्या कप्प्यांत या चिठ्ठ्या शब्दवार रचल्या जात. एका शब्दाच्या चिठ्ठ्या टेबलावर पसरायच्या, वाक्ये वाचायची, सारखी दिसणारी एकत्र करायची, वेगळी दिसणारी बाजूला काढायची, आणि मग अर्थ लिहायचा. पहिला भाग 1884 मध्ये निघाला, शेवटचा 1928 मध्ये. मरे 1915 मध्येच गेले होते. पूर्ण झालेल्या कोशात 18 लाखांहून अधिक अवतरणे होती. या कामातला क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. आधी वाक्ये गोळा झाली, त्यांतून अर्थ निघाला. शाळेत आपण नेमके उलटे करतो: आधी अर्थ देतो आणि वेळ उरला तर वाक्य.

शिकणाऱ्यांसाठी वाक्याचे शास्त्र बसवले ते ए. एस. हॉर्नबी यांनी, आणि तेही इंग्लंडबाहेर, जपानमध्ये. तिथे इंग्रजी शिकवताना त्यांच्या लक्षात आले की विद्यार्थ्याला शब्दाचा अर्थ ठाऊक असतो, पण त्याभोवती वाक्य कसे रचायचे ते ठाऊक नसते. गेटनबी आणि वेकफील्ड या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी केलेला कोश 1942 मध्ये टोकियोत निघाला. त्यात प्रत्येक क्रियापदापुढे ते कोणत्या साच्यात बसते हे दाखवले होते, असे 25 साचे. 1948 मध्ये ऑक्सफर्डने तोच कोश पुन्हा छापला, आणि आज ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी म्हणून जो आपल्या ग्रंथालयांत आणि मुलांच्या मोबाइलवर आहे तो त्याचाच वारस.

या साच्यांची गरज मराठी माणसाला किती आहे ते रोजच्या बोलण्यात दिसते. 'मला समजावून सांगा' या वाक्याच्या वळणाने आपण 'एक्सप्लेन मी' म्हणतो. इंग्रजीला 'एक्सप्लेन इट टू मी' हवे असते. आपण एखाद्या गोष्टी'बद्दल' चर्चा करतो, म्हणून 'डिस्कस अबाउट द प्रॉब्लेम' लिहितो. इंग्रजीत 'डिस्कस'च्या मागे काहीच लागत नाही, 'वी डिस्कस्ड द प्रॉब्लेम' एवढेच. लग्न कुणा'शी' होते, म्हणून 'मॅरीड विथ'. इंग्रजीत 'मॅरीड टू'. या चुका अज्ञानातून होत नाहीत. मराठीची वळणे इतकी पक्की अंगात भिनलेली आहेत की ती आपोआप पुढे येतात. त्यांना अडवायला व्याकरणाचा नियम पुरत नाही, कारण नियम आठवेपर्यंत वाक्य बोलून झालेले असते. योग्य वाक्यच तोंडात बसलेले असावे लागते.

शब्दांच्या जोड्यांचेही तसेच. इंग्रज भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी या जोड्यांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. ते 1920 च्या दशकात लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते. एखाद्या शब्दाच्या सोबतीला कोणते शब्द येतात ते पाहिले की तो शब्द उमगतो, असे त्यांचे म्हणणे. मराठीत चहा कडक असतो, ऊन कडक असते आणि शिस्तही कडक असते. इंग्रजीत तीन वेगळे शब्द लागतात: 'स्ट्राँग टी', 'हार्श सन', 'स्ट्रिक्ट डिसिप्लिन'. आपला पाऊस जोराचा आणि वाराही जोराचा. इंग्रजीत 'हेवी रेन', पण 'स्ट्राँग विंड'. असे का, याला तर्कशुद्ध उत्तर नाही. लोक तसे म्हणतात, एवढेच उत्तर आहे, आणि ते ऐकूनवाचूनच अंगवळणी पडते. म्हणून या पुस्तकात विशेषण कधी एकटे दिलेले नाही. ते ज्या नामाबरोबर नेहमी येते त्याच्यासह दिले आहे.

मात्र कोणतेही वाक्य दिले की काम झाले, असे नाही. आपल्याकडच्या अनेक मार्गदर्शक पुस्तकांत वाक्ये असतात, पण ती शब्दावर काहीच प्रकाश टाकत नाहीत. 'फ्रूगल' या शब्दाखाली छापलेले असते, 'ही इज अ फ्रूगल मॅन.' इथे 'फ्रूगल' झाकून पाहा. त्या जागी उंच, आजारी, श्रीमंत, आंधळा, काहीही बसते. आता दुसरे वाक्य घ्या: 'शी इज फ्रूगल, शी मेंड्स हर ओल्ड क्लोद्ज अँड नेव्हर थ्रोज फूड अवे.' आता तो शब्द झाकला तरी वाचणारा अंदाज बांधतो, कारण जुने कपडे दुरुस्त करणारी, अन्न वाया न घालवणारी बाई डोळ्यांसमोर आली. तिच्याबद्दल आदरही वाटला. म्हणजे 'फ्रूगल' ही काटकसर आहे, स्तुतीचा शब्द. पैशाला चिकटून राहणाऱ्या माणसाला 'स्टिंजी' म्हणतात, तो निंदेचा. हा स्तुती-निंदेचा फरक दोन रकान्यांच्या वहीत हरवतो. तिथे दोन्ही शब्दांपुढे 'कंजूष' असे लिहिलेले मी कितीदा तरी पाहिले आहे. शब्द झाकून पाहण्याची ही परीक्षा मी या पुस्तकातल्या प्रत्येक वाक्याला लावली, आणि जे टिकले नाही ते काढून टाकले.

वाक्ये छापील साहित्यातून घ्यावीत की शिक्षकाने रचावीत, यावर कोशकारांमध्ये मोठा वाद झाला आहे. सिंक्लेअर अस्सल वाक्यांच्या बाजूचे होते. रचलेली वाक्ये खऱ्या भाषेसारखी नसतात, असे ते मानत. त्यांचे म्हणणे खरे आहे. पण वर्तमानपत्रातून उचललेल्या वाक्यात एका नव्या शब्दाच्या आजूबाजूला आणखी तीन नवे शब्द असतात, आणि सुरुवातीच्या विद्यार्थ्याचा तिथेच धीर सुटतो. म्हणून पहिल्या भागात मी रचलेली वाक्ये दिली आहेत, आजूबाजूचे सगळे शब्द ओळखीचे ठेवून. पुढे ती हळूहळू मोकळी होत जातात.

कोणते शब्द शिकावेत, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, विशेषतः स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांकडून. पुण्यातल्या कोणत्याही अभ्यासिकेत नॉर्मन लुइस यांचे वर्ड पॉवर मेड ईझी टेबलावर दिसते. 1949 सालचे हे पुस्तक चांगलेच आहे. लॅटिन आणि ग्रीक मुळांवरून शब्द उलगडण्याची त्याची रीत अजूनही उपयोगी पडते. पण ते अमेरिकेतल्या इंग्रजी बोलणाऱ्या वाचकासाठी लिहिलेले आहे. त्याला 'असेट', 'अझ्यूम', 'देअरफोर' आधीपासून येतात, हे गृहीत धरलेले आहे. आपल्या मुलाला तेच येत नसतात, आणि तो थेट दुर्मीळ शब्दांच्या यादीवर उडी मारतो.

इंग्रजीत लाखो शब्द असले तरी त्यांतले थोडेच सतत येतात. वेस्ट यांनी 1953 मध्ये सुमारे 2,000 शब्दांची सर्वसाधारण यादी प्रसिद्ध केली, आणि तीत एका शब्दाचा कोणता अर्थ शेकडा किती वेळा येतो हेही दिले. कोणत्याही साध्या मजकुरातले पाचांपैकी चार शब्द साधारणपणे या पहिल्या दोन हजारांतले असतात. 2000 साली न्यूझीलंडच्या एव्हरिल कॉक्सहेड यांनी उच्च शिक्षणाच्या पुस्तकांत सतत येणाऱ्या 570 शब्दकुटुंबांची यादी केली: 'ॲनलाइझ', 'डेटा', 'डिराइव्ह', 'सिग्निफिकंट' अशांची. तेवढी कुटुंबे अशा पुस्तकांतला सुमारे दहावा भाग व्यापतात. दहावीनंतर मराठीतून एकदम इंग्रजीत विज्ञान शिकायला बसलेल्या मुलांचे हाल ज्यांनी पाहिले आहेत त्यांना या यादीचे मोल लगेच कळेल. ती मुले 'फोटोसिंथेसिस'पाशी अडत नाहीत, कारण तो शब्द धडाच समजावतो. ती अडतात 'हेन्स', 'अझ्यूम', 'रिस्पेक्टिव्हली' यांच्यापाशी, आणि हे शब्द कुणीच समजावत नाही. अकरावीच्या पहिल्या महिन्यात असे शे-दोनशे शब्द वाक्यांसह शिकवले तर किती मुलांचे वर्ष वाचेल!

कादंबरी किंवा वर्तमानपत्र कोशाविना सहज वाचायचे असेल तर आठ-नऊ हजार शब्दकुटुंबे लागतात, असा पॉल नेशन यांचा 2006 मधला हिशेब आहे. एक कुटुंब म्हणजे 'डिसाइड', 'डिसिजन', 'डिसाइसिव्ह' ही सगळी भावंडे धरून एक. आकडा मोठा वाटतो, पण पहिले तीन हजार झाले की पुढचे वाचनातून येऊ लागतात. तोपर्यंत पोहोचवणे एवढेच या पुस्तकाचे काम.

मराठी बोलणाऱ्याची सुरुवात शून्यापासून होत नाही, हेही सांगायला हवे. आपल्या तोंडी शेकडो इंग्रजी शब्द आधीच आहेत. पण त्यांतल्या काहींनी मराठीत येऊन वेगळा संसार मांडला आहे. आपण 'हॉटेलात' मिसळ खातो. इंग्रजीत 'हॉटेल' म्हणजे मुक्कामाची जागा. शाळेचे 'गॅदरिंग' म्हणजे आपल्याकडे वार्षिक स्नेहसंमेलन. इंग्रजीत नुसता जमाव. आपला 'ग्लास' स्टीलचाही असतो. हे शब्द मराठीत चुकीचे मुळीच नाहीत, ते आता आपलेच आहेत. इंग्रजी लिहिताना मात्र ते ओळखीचे वाटतात म्हणून तपासायचे राहून जातात. अशा शब्दांसाठी एक वेगळे प्रकरण दिले आहे.

शिकलेला शब्द टिकवण्याबद्दल थोडेच सांगतो. हर्मन एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवले की पाठ केलेले सुरुवातीला फार झपाट्याने विसरले जाते, नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून उजळणी लवकर व्हावी आणि पुढे तिच्यातले अंतर वाढत जावे. 1970 च्या दशकात सेबास्टियन लाइटनर यांनी यासाठी पाच कप्प्यांची पेटी सुचवली. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून कार्डे करा. एका बाजूला वाक्य लिहा, शब्दाच्या जागी रेघ सोडून. दुसऱ्या बाजूला शब्द. आठवला तर कार्ड पुढच्या कप्प्यात, नाही आठवला तर पुन्हा पहिल्यात. पहिला कप्पा रोज, पुढचे विरळ विरळ. कार्डावर नुसता शब्द आणि अर्थ लिहू नका. आणखी एक पथ्य: सारखे दिसणारे किंवा सारख्या अर्थाचे नवे शब्द एकाच दिवशी घेऊ नका. 'अडॉप्ट' आणि 'अडॅप्ट' शेजारी शेजारी शिकलेला माणूस त्यांची कायम अदलाबदल करतो. समानार्थी शब्दांच्या लांबलचक याद्या पाठ करणाऱ्यांचा गोंधळ याच कारणाने होतो. या पुस्तकात शब्द वर्णानुक्रमाने नाहीत, त्याचे कारण हेच.

प्रत्येक शब्दाखाली मराठीत व्याख्या आहे, तिच्याखाली दोन वाक्ये आहेत आणि मग दोन ओळी कोऱ्या सोडल्या आहेत. त्या ओळी तुमच्या आहेत. तिथे तुमच्या घरातले, शेतातले, ऑफिसातले वाक्य लिहा: आईबद्दल, पावसाबद्दल, बँकेतल्या रांगेबद्दल. छापील वाक्य कितीही चांगले असले तरी ते माझे आहे. स्वतः रचलेल्या वाक्यातला शब्द अधिक काळ टिकतो.

शिक्षकांना एक विनंती आहे. चाचणीत शब्दाचा अर्थ विचारणे थांबवा. पाच शब्द द्या आणि प्रत्येकाचे असे वाक्य मागा की शब्द झाकला तरी तो ओळखता यावा. तपासायला वेळ जास्त लागेल, पहिल्या महिन्यात मुलांचे गुणही कमी होतील. ते होऊ द्या, आणि वहीच्या पानावर तिसऱ्या रकान्यासाठी दुसरी रेघ मारायला सांगा.